ऑक्टेविया १.८ ला स्टेज २ करायचंय? आधी गिअरबॉक्सला विचार

तुझा प्रश्न थोडक्यात असा की २०१८ ची ऑक्टेविया १.८ टीएसआय डीएसजी (टर्बो पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) सेकंडहँड घेतलीयस, रोज इंदूरच्या विजय नगरहून पिथमपूरला नोकरीला जातोस, आणि कोणीतरी तुला सगळं एकदम असं पॅकेज देतोय, रीमॅप (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलणं), डाउनपाइप (टर्बोला लागून असलेला एक्झॉस्टचा पाइप), ओपन फिल्टर (डब्याशिवायचा उघडा एअर फिल्टर), डंप व्हॉल्व्ह (टर्बोचा जास्तीचा दाब बाहेर सोडणारा), "२६० पीएस पॉवर आणि ४०० न्यूटन-मीटर टॉर्क पक्के". आणि स्टेज १ गाळून सरळ स्टेज २ ला गेलं तर बिघडतं काय.

सरळच सांगतो, या गाडीला स्टेज २ नकोच. स्टेज १ कर, पण तोही ४०० वाला नको. कारण इंजिन कमजोर आहे म्हणून नाही हं, इंजिन मजबूत आहे. कमजोर बाजू दुसरीकडे आहे आणि ती पॅकेजवाला तुला सांगणार नाही.

आधी एक गैरसमज काढू. स्टेज १, २, ३ हे काही सरकारने किंवा कंपनीने ठरवलेलं मोजमाप नाहीये, ट्युनर लोकांनी पाडलेली नावं आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ थोडा वेगळा निघतो. साधारण रिवाज असा की स्टेज १ म्हणजे गाडीतला एकही पार्ट न बदलता फक्त ईसीयूचं म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर, स्टेज २ म्हणजे डाउनपाइप, इनटेक, जमलं तर इंटरकूलर (टर्बोने तापवलेली हवा थंड करणारा) आणि त्याला धरून लिहिलेली सॉफ्टवेअरची फाइल, स्टेज ३ म्हणजे मोठा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), पंप, इंजेक्टर, क्लच, म्हणजे गाडीच वेगळी. नंबर चढला म्हणजे गाडी त्याच हिशोबाने चांगली झाली असं काही नाही. काय पार्ट लागले, कोणत्या पेट्रोलवर फाइल लिहिली, टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर कुठल्या आरपीएमला किती येतो, हे तीन प्रश्न विचार, स्टेजचा नंबर विसर.

आता गिअरबॉक्स. तुझ्या गाडीत सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी आहे, डीक्यू२०० म्हणतात त्याला. दोन क्लच, एक १-३-५-७ सांभाळतो, दुसरा २-४-६ आणि रिव्हर्स, आणि दोन्ही कोरडे, म्हणजे तेलात बुडलेले नाहीत, तयार होणारी गर्मी हवेतच जायची. कंपनीने त्याची हद्द ठरवलीय २५० न्यूटन-मीटर. आणि तुझ्या गाडीचा टॉर्क किती? बरोबर २५०. हा योगायोग नाही. आपल्याकडे २०१६ ला जी सुपर्ब आली तिच्यात हेच १.८ इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबर ३२० न्यूटन-मीटर द्यायचं आणि याच डीएसजीबरोबर २५०, पॉवर दोन्हींत १८० पीएस. म्हणजे इंजिनला ३२० जड नाही हे कंपनीनेच दाखवून दिलंय, आणि गिअरबॉक्समुळे हात आखडता घेतलाय हेही. ऑक्टेवियाचीच जोरदार आवृत्ती व्हीआरएस २३० आली तेव्हा ३५० न्यूटन-मीटरसाठी तिला सहा गिअरचा ऑइलमधला क्लचवाला डीएसजी दिला, हा नाही दिला. ज्यांनी तो बॉक्स बनवला त्यांचीच हिंमत झाली नाही तिथे तुझा पॅकेजवाला ४०० टाकायला निघालाय.

लगेच तुटेल का? नाही, आणि म्हणूनच लोक फसतात. पहिले काही महिने गाडी अशी उठते की माणूस सगळ्यांना फोन करून सांगतो. मग एक दिवस मानपूर घाट चढताना पाचव्या-सहाव्यात पाय दाबला की आरपीएमचा काटा वर पळतो आणि स्पीडचा काटा तिथेच. ती क्लच स्लिप. माझ्याकडे अशा गाड्या येतात आणि मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "टर्बो गेला वाटतं". टर्बो मस्त असतो, क्लच पॅक संपलेला असतो. त्यातून तुझी गाडी रोज पलासिया आणि राऊच्या गर्दीत रांगते, रांगताना पहिल्या-दुसऱ्याचा क्लच सतत अर्धवट लागलेला राहतो, तो आधीच भाजलेला, त्यावर तू ४०० ओतणार.

पण निराश होऊ नकोस, आता मजेची गोष्ट सांगतो जी मी प्रत्येकाला कागदावर लिहून दाखवतो. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, बस. पीएसमध्ये हवं तर न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम भागिले ७०२३. तुझी गाडी २५० न्यूटन-मीटर ५००० आरपीएमपर्यंत धरते, म्हणजे १७८ पीएस, आणि पुढे टॉर्क उतरवत उतरवत पॉवर १८० वर सपाट ठेवते, ६००० ला टॉर्क २१० च्या आसपास उरलेला असतो. आता समज फाइल अशी लिहिली की टॉर्क २५० च्या वर फारसा न्यायचाच नाही, फक्त तो ५००० ला न सोडता ५८०० पर्यंत धरून ठेवायचा. २५० गुणिले ५८०० भागिले ७०२३, आले २०६ पीएस. गिअरबॉक्सची हद्द न ओलांडता पंचवीसेक पीएस! मधल्या भागात थोडी गंमत हवी असेल तर ३००० च्या पुढे २८० पर्यंत जाऊ दे, टीसीयूची म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची फाइलपण त्याच्याबरोबर करून घे म्हणजे क्लचचं प्रेशर आणि टॉर्क लिमिट दोन्ही जुळतील. नुसतं इंजिन रीमॅप करून टीसीयू तसाच सोडला तर एक तर तो टॉर्क कापत बसतो नाहीतर क्लच घसरतो.

म्हणून ट्युनरकडे गेल्यावर "किती पीएस" विचारूच नको, "ग्राफ दाखव" म्हण. २००० आरपीएमला भिंतीसारखा सरळ वर गेलेला ग्राफ दिसला की उठून ये. लोकांना तोच आवडतो कारण पाठीला धक्का बसतो, पण तोच धक्का क्लच खातो आणि कनेक्टिंग रॉडपण खातो. कमी आरपीएम, मोठा गिअर, पूर्ण थ्रॉटल, अशा वेळी डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनांत स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार होतो, एलएसपीआय म्हणतात. सेन्सरला कळून ईसीयू टायमिंग म्हणजे स्पार्कची वेळ मागे घेईपर्यंत प्रेशरचा हातोडा बसून गेलेला असतो, कारण पेटवणारा स्पार्क नव्हताच मुळी. यावर इलाज दोन, एक म्हणजे ग्राफ हळू चढणारा, दुसरा म्हणजे ऑइल. डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२ ०० हे फोक्सवॅगनचं मानक बघ आणि त्याच डब्यावर एपीआय एसपी लिहिलेलं असेल तर उत्तम, ती ग्रेड २०२० मध्ये आली आणि तिच्यात या एलएसपीआयची टेस्ट धरलेली आहे. आणि १५,००० किलोमीटरला ऑइल बदलायची सवय सोड, ट्यून झालेल्या गाडीला ७,५०० पुरे.

आता आपला माळवा. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, हवेचा दाब इथे मुंबईपेक्षा साधारण सहा टक्के कमी. टर्बो गाडीला उंची लागत नाही असं लोक बिंदास सांगतात, अर्धं खरं आहे. टर्बो तेवढाच बूस्ट (भरलेल्या हवेचा दाब) भरून काढतो पण त्यासाठी जास्त फिरतो आणि हवा जास्त तापवतो. हिशोब करून बघ, कॉम्प्रेसरने दाब २.१ पट केला आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर १५ अंशाची हवा बाहेर पडते ११० च्या आसपास. मे महिन्यात दुपारी बायपासवर ४३ अंश असताना तीच हवा निघते दीडशे अंशाला. पुढे इंटरकूलर ती थंड करणार, पण त्याच्यावर आपटणारी हवाच ४३ ची, रेडिएटरच्या शेजारची. युरोपात लिहिलेल्या फाइलला हे माहीतच नसतं. नोव्हेंबरच्या सकाळी डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) काढलेले आकडे मे मध्ये मिळत नाहीत ते यामुळे, ट्युनर खोटं बोलला असंच काही नाही.

यातूनच स्टेज २ चा खरा प्रॉब्लेम कळेल. डाउनपाइप मोकळा केला की टर्बाइनच्या मागचा दाब कमी होतो, टर्बो लवकर फिरतो, एक्झॉस्टचं तापमान थोडं उतरतं, हे सगळं खरंय आणि व्हीआरएसवर त्याचा फायदा दिसतोही. पण १.८ चा टर्बो व्हीआरएसच्यापेक्षा लहान आहे. लहान टर्बोला एका मर्यादेपुढे ढकललं की बूस्ट वाढतो पण हवा वाढत नाही, नुसती गर्मी वाढते, गर्मी वाढली की नॉक म्हणजे मिश्रण आपोआप पेटून ठोके बसणं, नॉक आला की ईसीयू टायमिंग मागे घेतो, म्हणजे तू पैसे देऊन घेतलेली पॉवर तो तुझ्या डोळ्यांदेखत काढून घेतो. डाउनपाइपमधून जी थोडी कमाई होणार तिच्यासाठी कॅट म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा, चेक इंजिनचा लाइट पेटणार, तो दाबायला परत सॉफ्टवेअर, पीयूसीची झंझट वेगळी. मला पटत नाही. तुझ्या पॅकेजमधला जो पार्ट पॅकेजवाल्याने दिलाच नाहीये तोच मी पहिला घेतला असता, मोठा इंटरकूलर. आवाज नाही करत, बॉनेट उघडल्यावर दिसत नाही, म्हणून विकला जात नाही.

ओपन फिल्टर तर अजिबात नको. बॉनेटखालची गरम हवा ओढतो तो, आणि मार्च-एप्रिलमध्ये पिथमपूरच्या आजूबाजूला गव्हावर हार्वेस्टर चालतात तेव्हा हवेत काय उडत असतं ते तू रोज बघतोस. ती बारीक धूळ कॉम्प्रेसरच्या पात्यांची धार खाते. स्टॉक म्हणजे कंपनीचाच एअरबॉक्स स्टेज १ ला पुरून उरतो, फक्त पेपर फिल्टर वेळेआधी बदल. डंप व्हॉल्व्हबद्दल काय बोलू, फुस्स आवाज होतो, बाकी काही होत नाही.

पेट्रोल. हा मुद्दा लोक सगळ्यात शेवटी विचारतात. आपल्या पंपावरचं साधं पेट्रोल बीएस६ च्या नियमाने किमान ९१ ऑक्टेन (नॉक सहन करायची ताकद), एक्सपी९५ म्हणजे ९५, आणि वर ९९-१०० वाली पण आहेत पण ती प्रत्येक पंपावर नसतात. जर्मनीत सुपर प्लस ९८ चं असतं, तिकडच्या फाइली बऱ्याचदा त्यावर लिहिलेल्या. तुझी फाइल ९५ वर लिहून घे, ९९ वर नाही, कारण धामनोदच्या पुढे रात्री अकराला तुला जे मिळेल तेच भरावं लागणार आणि गाडीने ते पचवायला पाहिजे. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल नॉकला बरं, चांगलंच बरं, पण हवेच्या मानाने ते जास्त टाकावं लागतं, पेट्रोल एका भागाला १४.७ भाग हवा घेतं तर इथेनॉल फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेला शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण ८ टक्के जास्त फ्युएल इंजेक्टरने टाकायचं. स्टॉक गाडीत ती जागा शिल्लक असते. ट्यून केलेल्या गाडीत तीच शिल्लक ट्युनरने आधी वापरलेली असते, मग वरच्या आरपीएमला हाय-प्रेशर पंपाचं प्रेशर खाली यायला लागतं आणि मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि बूस्टमध्ये पातळ मिश्रण म्हणजे पिस्टनची वाट. तेव्हा ट्युनरला विचार, रेल प्रेशरचा (इंजेक्टरकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या दाबाचा) लॉग, म्हणजे गाडी चालताना नोंदलेले आकडे, आपल्याकडच्या पेट्रोलवर काढलाय का. गोंधळला तर समजून जा.

लॉगबद्दल थोडं सविस्तर, कारण खरं ट्युनिंग तिथेच आहे. फाइल टाकून "जा मजा कर" म्हणणारा ट्युनर नाही, कॉपी करणारा आहे. चांगला माणूस आधी स्टॉक गाडीचा लॉग काढतो, मग फाइल, मग परत लॉग, मग थोडं बदल, परत लॉग. डायनोवर काढणं सगळ्यात बरं, सुपर कॉरिडॉरवर रात्री तिसऱ्या गिअरमध्ये ६५०० पर्यंत खेचणारे खूप हीरो आहेत, तू त्यात जाऊ नको. बघायचं काय, तर मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट जवळजवळ जायला पाहिजेत, मिळालेला कमी पडत असेल तर कुठेतरी लीक आहे किंवा टर्बोचा दम संपलाय. चारही सिलिंडरचं नॉक रिटार्ड (नॉकमुळे स्पार्क किती अंश मागे घेतला ते) वेगवेगळं बघ, एखाद्या ठिकाणी दोन-तीन अंश आलं नि गेलं तर घाबरायचं नाही, पण पाच-सहा अंश आणि तेही परत परत, एकाहून जास्त सिलिंडरवर, तर फाइल त्या पेट्रोलला आणि त्या गर्मीला जास्त आहे, कमी करून घे. इनटेकचं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंश वर असेल तर ठीक, पूर्ण थ्रॉटलचे दोन-तीन पुल झाल्यावर पस्तीस-चाळीसने वर जात असेल तर इंटरकूलर थकला. आणि भिया, हे सगळं मे मध्ये करून घे. डिसेंबरमध्ये सगळ्याच फाइली सुंदर दिसतात.

त्याच्या आधी गाडीची तब्येत. सेकंडहँड आहे, आधीच्या मालकाने काय केलंय देव जाणे, कदाचित आधीच ट्यून करून परत स्टॉक केली असेल. कॉम्प्रेशन टेस्ट, बूस्टच्या नळ्यांची स्मोक टेस्ट, डीएसजीचं क्लच अडॅप्टेशन (क्लच किती झिजलाय ते सांगणारे आकडे) वाचून घेणं, हे तिन्ही करच. या इंजिनात थर्मोस्टॅट हाउसिंग प्लॅस्टिकचं असतं आणि ते लीक होतं ही जगजाहीर गोष्ट, कूलंट कमी होत असेल तर आधी तिथे टॉर्च मार. स्पार्क प्लग नवीन, हीट रेंजमध्ये एक पायरी थंड, गॅप ०.६ ते ०.७ मिलीमीटर, कारण वाढलेल्या बूस्टमध्ये मोठ्या गॅपची ठिणगी विझते आणि गाडी वरच्या आरपीएमला अडखळते, लोक मग कॉइल बदलत बसतात. ब्रेक फ्लुइड बदल, पॅड चांगले टाक. सिमरोळचा भेरू घाट उतरताना तुला वाढलेली पॉवर उपयोगी पडणार नाही.

तुझा मित्र फोक्सवॅगन व्हर्टस १.५ घेऊन हेच करायला निघालाय म्हणालास, त्याला सांग की गिअरबॉक्स त्याचाही हाच आहे, टॉर्कही २५० च, आणि त्याचा इंटरकूलर पाण्यावर चालणारा, समोर मोठा कोअर लावून टाकणं त्याच्यात सोपं नाही. वर त्याची वॉरंटी चालू आहे. व्हीडब्ल्यू ग्रुपच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ईसीयू कंपनीच्या कॉम्प्युटरला जोडला की छेडछाड पकडली जाऊ शकते आणि गाडीवर टीडी१ चा म्हणजे छेडछाड केल्याचा शिक्का बसतो, मग इंजिन-गिअरबॉक्सचा क्लेम विसरायचा. स्टॉक फाइल परत टाकून आलो तरी फ्लॅशचा काउंटर खोटं बोलत नाही.

कायद्याचंही सांगून टाकतो. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे. कॅट काढलेली गाडी प्रदूषणाच्या कलम १९० मध्ये वेगळी अडकते. इन्शुरन्सवाल्याला कळवलं नसेल आणि अपघात झाला तर सर्व्हेअरला डाउनपाइप दिसतो, तो आंधळा नसतो. सॉफ्टवेअर दिसत नाही म्हणून कायदेशीर होतं असं मी म्हणत नाहीये, निर्णय तुझा.

राहिलं तुझं नॅट्रॅक्सवर गाडी पळवायचं स्वप्न. पिथमपूरचा तो ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, रोज बाजूने जातोस तर वाटणारच. एखाद्या रीतसर इव्हेंटमध्ये संधी मिळाली तर जरूर जा, पण लक्षात ठेव की रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल म्हणजे सात-आठ सेकंद, तिथे सलग काही मिनिटं. ऑइल, कूलंट, एक्झॉस्ट, सगळं अशा तापमानाला जातं जे तुझ्या लॉगमध्ये कधी दिसलेलंच नसतं. स्टॉक फाइलवरच जा, ही गाडी तशीही २३० च्या आसपास जाते. एक फेरी जोरात, पुढची पूर्ण फेरी आरामात, इंजिन लगेच बंद करायचं नाही. आणि जायच्या आधी टायरच्या बाजूवरचं अक्षर वाच, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०, एच असेल किंवा टायर सहा वर्षांहून जुना असेल तर त्या दिवशी स्टँडमध्ये बसून बघ.